कोच ओरडला म्हणजे टाइम आऊट मिळाला असं नाही

पत्र:

सर, मी शाळा-क्लबांच्या बास्केटबॉल सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो. अजून नवाच आहे. मागच्या सामन्यात चौथ्या क्वार्टरची शेवटची चाळीसेक सेकंदं उरली होती. ‘अ’ संघ एका गुणाने मागे होता आणि बॉल ‘ब’ संघाकडे होता. मी ‘अ’च्या बेंचसमोरून धावत होतो आणि त्यांचा कोच माझ्या कानाशी ‘टाइम आऊट, टाइम आऊट’ असं ओरडत होता. खेळ चालू होता म्हणून मी शिट्टी दिली नाही. लगेच ‘ब’ने बास्केट केली. अधिकाऱ्यांच्या टेबलावरून बझर आला नाही. ‘अ’ने घाईघाईत थ्रो-इन केला (रेषेबाहेरून बॉल आत टाकला) आणि बॉल गमावला. सामना संपल्यावर कोच म्हणतो, मी तीनदा मागितला. टेबलावर घड्याळ सांभाळणारा टायमर म्हणतो, माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. आता खरी अडचण सांगतो. दुसऱ्या क्वार्टरमध्ये बॉल बाहेर गेलेला असताना ‘ब’च्या कोचने मला हाताने टी (टाइम आऊटची खूण) करून दाखवला होता आणि मी आपण होऊन शिट्टी वाजवून टाइम आऊट दिला होता. ‘अ’चे लोक तेच धरून बसलेत आणि मला पक्षपाती म्हणतात. माझं नेमकं काय चुकलं? ओरडणाऱ्या कोचला टेक्निकल (गैरवर्तनाचा फाउल) द्यायला हवा होता का? आणि टीव्हीवर तर खेळाडूसुद्धा थेट पंचाकडे टाइम आऊट मागतात आणि त्यांना मिळतो. ते कसं?

— एक नवा पंच

उत्तर:

तुमचं चुकलं ते चौथ्या क्वार्टरमध्ये नाही, दुसऱ्या क्वार्टरमध्ये. शेवटच्या मिनिटाला शिट्टी न वाजवणं अगदी बरोबर होतं. सगळे जिच्याबद्दल भांडताहेत ती शिट्टी तुम्ही योग्यच अडवलीत. जिच्याकडे तेव्हा कुणाचं लक्षही गेलं नाही, ती मात्र वाजायला नको होती.

तुमचा सामना फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) नियमांनी चालला होता असं धरून लिहितो. या नियमांत टाइम आऊट पंचाकडे मागायचाच नसतो. तो मागण्याचा अधिकार फक्त दोघांना आहे, मुख्य कोच आणि पहिला सहायक कोच. त्यांनी टायमरशी नजरानजर करायची किंवा त्याच्याकडे जायचं, स्पष्ट शब्दांत मागायचं आणि हाताने खूण करायची. जुन्या पुस्तकावर शिकलेल्यांना इथे टायमरऐवजी स्कोअरर (टेबलावर गुण नोंदवणारा) आठवतो, म्हणून टेबलाशी गेल्यावरही कधीकधी गोंधळ होतो. पण मागणी टेबलाकडे जाते, पंचाकडे नाही, ही मूळ गोष्ट तेव्हाही तीच होती. विनंती आली की टायमर ती धरून ठेवतो आणि संधी (टाइम आऊट देता येईल अशी वेळ) उघडली की बझर देतो. बझर ऐकून पंच शिट्टी वाजवतो, खूण करतो, आणि त्या शिट्टीपासून टाइम आऊटचं एक मिनिट मोजायला सुरुवात होते. विनंती ऐकणं, नोंदवणं आणि मोजणं हे सगळं टेबलाचं काम. पंचाकडे उरते ती फक्त वेळेची राखण: संधी उघडी आहे की मिटली, हे ओळखणं.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये ‘ब’ला जो टाइम आऊट मिळाला त्याने कुणाचा फायदा झाला असं मला वाटत नाही. बॉल बाहेर होता, घड्याळ थांबलेलं होतं, म्हणजे संधी उघडी होती. तोच कोच टायमरकडे वळला असता तरी त्याला तो मिळालाच असता. पण तुमच्या त्या शिट्टीने दोन्ही बेंचना चुकीचा पत्ता दिला. ‘अ’च्या कोचने ते पाहिलं आणि मनात नोंद केली की आज हा पंच थेट देतो. मग खरी गरज पडली तेव्हा तो टेबलाकडे न जाता तुमच्या कानाशी आला. त्याला नियम माहीत असायला हवा होता, यात वाद नाही. पण त्याला चुकीच्या दारी तुम्हीच पाठवलंत.

त्याने काय गमावलं तेही बघा, म्हणजे त्याचा संताप समजेल. त्याची विनंती वेळेत टायमरपर्यंत गेली असती, तर ‘ब’ची बास्केट पडताच त्याला टाइम आऊट मिळाला असता. विरुद्ध संघाने फिल्ड गोल (फ्री थ्रो नसलेली, चालू खेळातली बास्केट) केला की ज्याच्यावर गोल झाला त्याच्यासाठी संधी तिथेच उघडते, आणि विनंती आधीच आलेली असेल तर टायमरने क्षणाचाही विलंब न लावता बझर द्यायचा असतो. शिवाय चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत टाइम आऊट घेणाऱ्या संघाला आपल्या बॅककोर्टमधून (स्वतःच्या बास्केटच्या बाजूच्या अर्ध्या मैदानातून) बॉल मिळणार असेल, तर थ्रो-इन तिथूनच घ्यायचा की पुढे फ्रंटकोर्टातल्या (हल्ल्याच्या अर्ध्या मैदानातल्या) खुणेवरून, हे त्याचा कोच ठरवतो. पुढचं घेतलं असतं तर शॉट क्लॉकवर (बास्केटसाठी फेक करायची मुदत मोजणाऱ्या घड्याळावर) 14 सेकंदं घेऊन तो थेट हल्ल्याच्या जागी उभा राहिला असता. एका मिनिटाची विश्रांती, आखलेला डाव आणि अर्धं मैदान, एवढं सगळं गेलं, आणि तेही आवाज चुकीच्या माणसाच्या कानात गेला म्हणून.

तरीही तुम्ही तेव्हा शिट्टी वाजवायला नको होती, असंच मी म्हणेन. बॉल ‘ब’च्या हातात होता आणि ते हल्ला चढवत होते. तुम्ही तिथे खेळ थांबवला असता, तर मागणाऱ्याला जे नियमाने मिळत नाही ते दिलं असतंत आणि ‘ब’चा हल्ला मोडला असतात. मग पक्षपाताचा आरोप दुसऱ्या बाजूने झाला असता, आणि तो खरा ठरला असता.

आता संधी उघडते कधी आणि मिटते कधी ते सांगतो, कारण भांडणं बहुतेक इथेच होतात. बॉल डेड झाला (म्हणजे खेळात उरला नाही), घड्याळ थांबलं आणि पंचाचं टेबलाशी बोलणं संपलं, की दोन्ही संघांना संधी असते. शेवटचा फ्री थ्रो पडला, तरी दोघांनाही असते. फिल्ड गोल झाला, तर मात्र ज्याच्यावर झाला त्यालाच. शेवटच्या दोन्हींतला फरक कोचांच्या डोक्यात बसत नाही. ‘मघाशी फ्री थ्रोनंतर दिलात, आता बास्केटनंतर का नाही?’ हा प्रश्न तुम्हाला आयुष्यभर ऐकायला मिळणार आहे. शेवटच्या दोन मिनिटांत तो आणखी तिखट होतो, कारण तेव्हा बास्केट पडली की घड्याळ थांबतं. ज्याने गोल केला त्याचा कोच थांबलेलं घड्याळ बघतो आणि हात वर करतो. त्याला टाइम आऊट नाही. पंचाने दुसऱ्या कुठल्या कारणाने खेळ थांबवला असेल, तर गोष्ट वेगळी. घड्याळ थांबणं आणि संधी उघडणं एकच आहे असं समजणारे कोचच नव्हे, पंचसुद्धा मी पाहिलेत.

संधी मिटते ती थ्रो-इन करणाऱ्याच्या किंवा पहिला फ्री थ्रो घेणाऱ्याच्या ताब्यात बॉल गेला की. त्यानंतर आलेली विनंती उशिराची. समजा फ्री थ्रो घेणाऱ्याच्या हातात बॉल आहे, कोच आत्ताच टेबलाशी पोहोचला, टायमरने चुकून बझर दिला आणि गोंधळून तुम्हीही शिट्टी वाजवलीत. तरीही टाइम आऊट द्यायचा नाही, खेळ लगेच पुढे सुरू करायचा. शिट्टी वाजली म्हणून बॉल डेड झाला, म्हणून आता संधी आहे, असा युक्तिवाद कोच हमखास करतो. तो मान्य करू नका. आपल्या चुकीच्या शिट्टीने संधी पुन्हा उघडत नाही.

फ्री थ्रोच्या वेळी सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो. दोन फ्री थ्रो आहेत आणि पहिल्यासाठी बॉल हातात दिल्यानंतर कोचने टाइम आऊट मागितला. आता दोन थ्रोंच्या मध्ये तो मिळत नाही. शेवटचा थ्रो पडला तर मिळेल. पडला नाही, पण त्यानंतर थ्रो-इनच व्हायचा असेल, तरीही मिळेल. शेवटचा चुकला आणि रिबाउंडसाठी झुंबड उडाली, तर खेळ चालू झाला. विनंती तशीच राहते आणि पुढच्या संधीची वाट बघते. मध्येच फाउल झाला तर चित्र बदलतं. हे तुम्ही पाठ करा, पण सामन्याच्या मध्यात कोचला समजावत बसू नका. ‘शेवटचा पडला तर’ एवढे तीन शब्द बोला. त्याला बाकीचं कळतं, किंवा कळत नाही. दोन्ही वेळा तुमचं काम तेवढंच.

आणखी एक गोष्ट, जी नियमाच्या पुस्तकात मोठ्या अक्षरात सापडणार नाही. बॉल ताब्यात देण्याचा क्षण तुमच्या हातात असतो, म्हणजे संधीचं दार तुमच्या हाताने बंद होतं. कोच टेबलाकडे निघालेला तुम्हाला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला आणि तुम्ही चटकन बॉल दिलात, तर तुम्ही त्याचा टाइम आऊट खाल्लात. आणि तो दिसला म्हणून शूज बघत, बॉल पुसत उभे राहिलात, तर तुम्ही त्याला तो भेट दिलात. दोन्ही वाईट. उपाय एकच. तुमची लय सामनाभर एकसारखी ठेवा. बॉल हातात घेतला, जागेवर आलात, टेबलाकडे एक नजर टाकली, साथीदाराकडे एक नजर टाकली, मग बॉल दिला. पहिल्या मिनिटाला जेवढा वेळ घेतलात, तेवढाच शेवटच्या मिनिटाला. कुणी टेबलाकडे चाललंय का, यावरून ती लय बदलायची नाही. नजर टेबलाकडे जायलाच हवी, कारण गजबजलेल्या हॉलमध्ये बझर विरून जातो. फिल्ड गोलनंतरसुद्धा मैदानात मागे वळून धावताना टेबलाकडे एक ओझरती नजर टाकायची सवय लावा. सामना अटीतटीचा असेल, तर ती प्रत्येक बास्केटला हवीच.

खेळ चालू असताना कोच ओरडला तर डोकं वळवू नका. तुमची नजर खेळावरून हटली की तिकडे फाउल होतो आणि मग दोन भांडणं होतात. बॉलपासून नजर न हलवता हात टेबलाकडे दाखवा आणि ‘टेबल, सर’ एवढं बोला. बोट दाखवणं उद्धट वाटत असेल, तर उघडा तळवा दाखवा, पण दाखवा. बॉल डेड असताना तो तुमच्याकडे बघून टी करत असेल, तरीही तसंच. टेबलावर नवखी मुलं असतील आणि त्यांचं लक्ष नाही असं दिसलं, तर मी एवढी मुभा घेईन की टायमरकडे बघून विचारीन, ‘विनंती आहे का?’ प्रश्न विचारायचा, आज्ञा द्यायची नाही. तो हो म्हणाला आणि बझर दिला, की शिट्टी वाजवायची. नाही म्हणाला तर खेळ पुढे. काही जुने पंच मला सांगतील की एवढ्या सोपस्कारापेक्षा सरळ देऊन टाकावा, वेळ वाचतो. त्यांचं म्हणणं मला मान्य नाही. पहिल्या मिनिटाला सरळ देऊन टाकला की शेवटच्या मिनिटालाही सरळच मागतात.

टेक्निकलबद्दल तुम्ही विचारलंत. नुसतं टाइम आऊट मागणं, तीनदा मागणं, मोठ्याने मागणं, हे गुन्हे नाहीत. सामना हातातून निसटत असताना कोच कुजबुजत नाही. तो मैदानात शिरला, टेबलावर हात आपटला, टायमरला धमकावलं किंवा तुमच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवलं, तर मात्र गप्प बसू नका, आणि मग तो टाइम आऊट मागत होता की आणखी काही, याचा विचार करायचा नाही. स्वतःच्या वर्तनासाठी दोन टेक्निकल झालेल्या कोचला मैदान सोडावं लागतं, म्हणून पहिला देतानाही आपण काय देतोय याचं भान ठेवा. मी असतो तर तुमच्या त्या प्रसंगात टेक्निकल दिला नसता.

विनंती मागे घेणाऱ्यांचं प्रकरण सोपं आहे. टायमरने बझर देईपर्यंत ती रद्द करता येते, त्यानंतर नाही. बास्केट आपल्यावर पडणार म्हणून मागितला होता, तोवर खेळाडूने बॉल पळवला, म्हणून कोच ‘नको नको’ करतो. बझर वाजला नसेल तर ठीक. वाजला असेल तर मोजला जाणार.

मोजण्यावरून आठवलं. पहिल्या हाफमध्ये प्रत्येक संघाला 2, दुसऱ्या हाफमध्ये 3, आणि प्रत्येक ओव्हरटाइममध्ये 1. दुसऱ्या हाफच्या तीनपैकी जास्तीत जास्त दोनच चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत घेता येतात. म्हणून दोन मिनिटं उरेपर्यंत एखाद्याने एकही घेतला नसेल, तर स्कोअरर त्याच्या पहिल्या रकान्यात दोन आडव्या रेघा मारतो. तो एक बुडाला. न वापरलेले पुढच्या हाफमध्ये किंवा ओव्हरटाइममध्ये नेता येत नाहीत. कोचचे टाइम आऊट संपले, की हे स्कोअररने पंचाकरवी त्याला कळवायचं असतं. ही पंचाकरवी येणारी खबर पोहोचवायला आळस करू नका. ‘सर, आता एकही नाही’ एवढं स्पष्ट सांगा आणि त्याने मान हलवली का ते बघा.

टाइम आऊट चालू असतानाचं मिनिट तुमच्या विश्रांतीचं नाही. 50 सेकंदांना टायमर बझर देतो, त्याआधी साथीदाराशी बोलून घ्या: थ्रो-इन कुणाचा, कुठून, शॉट क्लॉकवर किती, टीम फाउल किती, पुढचा ताबा दाखवणारा बाण कुणाकडे. शेवटच्या दोन मिनिटांत असाल, तर कोचकडून पुढून की मागून हे नीट ऐकून घ्या आणि टेबलालाही सांगा. एकदा सांगितलं की निर्णय बदलत नाही. लगेच दुसरा टाइम आऊट झाला, तरी तो तसाच राहतो. कोच हे विसरतात आणि तुमच्या तोंडी दुसरंच घालायला बघतात, म्हणून ऐकलेलं त्याच्यासमोर एकदा मोठ्याने उच्चारा.

आता टीव्ही. तुम्ही जे बघता ते बहुधा एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) किंवा अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल. तिथले नियम वेगळे आहेत. एनबीएमध्ये मैदानावरचा खेळाडूही टाइम आऊट मागू शकतो, खेळ चालू असतानाही, फक्त बॉल आपल्या संघाच्या ताब्यात हवा. त्यांना सामन्यात 7 टाइम आऊट असतात, प्रत्येकी 75 सेकंदांचे. अमेरिकी शाळांच्या नियमांतही खेळाडू किंवा मुख्य कोच पंचाकडेच मागतात. एनसीएएने (तिथल्या कॉलेज खेळांच्या संघटनेने) पुरुषांच्या खेळात 2015-16 च्या मोसमापासून चालू बॉलवर कोचने मागणं बंद केलं, म्हणजे त्यांनाही ती डोकेदुखी नको झाली होती. तिथल्या पंचाला आवाज ऐकल्यावर आधी बॉल कुणाच्या ताब्यात आहे ते बघावं लागतं, मग आवाज खरंच कोचचा की गॅलरीतल्या कुणाचा ते, आणि हे सगळं अर्ध्या क्षणात.

तिथे याची किंमत कशी मोजावी लागते, त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण 5 एप्रिल 1993 चं आहे. न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये एनसीएएचा अंतिम सामना होता आणि मिशिगन नॉर्थ कॅरोलायनाच्या 71-73 असं मागे होतं. 11 सेकंदं उरलेली असताना क्रिस वेबर दोघांच्या कोंडीत सापडला आणि त्याने टाइम आऊट मागितला. मिशिगनकडे एकही शिल्लक नव्हता. पंचाला शिट्टी वाजवावीच लागली, शिल्लक नसताना मागितला म्हणून टेक्निकल झाला आणि सामना 77-71 असा गेला. फिबाच्या पद्धतीत त्या खेळाडूला मागण्याचा अधिकारच नाही, आणि कोचने टेबलाशी जाऊन मागितला असता, तर टायमर ‘शिल्लक नाही’ म्हणून सांगून मोकळा झाला असता. टेबलाचा आडपडदा किती उपयोगाचा आहे हे त्यावरून कळतं. तो तुम्ही स्वतःहून बाजूला सारू नका. टीव्ही बघा, जरूर बघा, पण खुणा उचला, नियम उचलू नका.

पुढच्या सामन्याआधी दोन्ही कोचना आणि टायमरला एकत्र बोलावून एकच वाक्य सांगा: ‘टाइम आऊट टेबलाकडे मागायचा, माझ्याकडे नाही.’ टायमरला वेगळं सांगा की बॉल डेड झाला की दोन्ही बेंचकडे बघायचं, विनंती आली की बोटाने कुठला संघ ते दाखवायचं आणि बझर लांब द्यायचा. साथीदार पंचालाही हेच सांगा, कारण तुम्ही टेबलाकडे पाठवताय आणि तो सरळ देतोय, असं झालं तर सगळं मुसळ केरात.

आयोजकांना काय सांगायचं ते तुम्ही विचारलं नाहीत, पण बहुधा तेच मनात असणार. लांबलचक खुलासा लिहू नका. दोनच गोष्टी लिहा. चौथ्या क्वार्टरमध्ये विनंती टायमरपर्यंत आली नव्हती आणि बॉल विरुद्ध संघाकडे होता, म्हणून खेळ थांबवला नाही. दुसऱ्या क्वार्टरमध्ये संधी उघडी होती, पण टाइम आऊट टेबलावरून यायला हवा होता, तो मी थेट दिला आणि ती पद्धत चुकीची होती. ‘अ’च्या कोचला तेच तोंडाने सांगा, शक्यतो त्याच्या खेळाडूंसमोर नाही. तो कदाचित ऐकणार नाही. तरी सांगा.